कर्नलच्या नाकाला जपून

डेसने फ्रीझरची पिन काढली ती ड्रिलची बॅटरी चार्ज करायला. बॅटरी चार्ज झाली, ड्रिल चाललं, फळी भिंतीवर बसली, पण फ्रीझरची पिन काही परत बसली नाही. रविवारी सकाळी ग्लेनिसने धुण्याच्या खोलीचं दार उघडलं आणि होती तिथेच नाक धरून उभी राहिली. गळाला लावायला साठवलेल्या सगळ्या तारल्या विरघळून खोलीभर पाणी झालं होतं.

"डेस! शी, काय घाण वास मारतोय! इकडे ये आधी!"

नेमका हा रविवार. मुलगी टॅम्सिन आणि तिचा होणारा नवरा आन्टे जेवायला येणार होते, आणि आन्टेची आई पहिल्यांदाच घरी येणार होती. ल्युबित्सा विदाकोविच. पोर्ट लिंकनमध्ये ट्यूना मासे पकडणाऱ्या ज्या मोठ्या बोटी आहेत, त्यांतल्या दोन तिच्या नवऱ्याच्या. बाई टापटिपीची आहे, असं टॅम्सिनने आईला इतक्यांदा बजावलं होतं की ग्लेनिसला झोपेत पडदे धुण्याची स्वप्नं पडत होती.

डेसने तारल्या पिशव्यांत भरून बाहेर नेल्या, फरशी पुसली आणि कपाटातून फवाऱ्याचा डबा काढला. "दोन मिनिटांत गुलाबाची बाग करून टाकतो."

"खबरदार! कर्नलला मारतोस की काय?"

कर्नल म्हणजे त्यांचा गाला पोपट. पोट गुलाबी, पाठ करडी आणि रुबाब पेन्शनीत निघालेल्या फौजी अधिकाऱ्याचा. बैठकीत खिडकीशी त्याचा पिंजरा होता. पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की पोपटांची फुप्फुसं फार नाजूक असतात. फवारे नकोत, सुगंधी मेणबत्त्या नकोत, अत्तरं नकोत, तेलाच्या वाफा तर अजिबात नकोत.

"मग काय, पाहुण्यांना नाकाला चिमटे लावून बसवायचं?"

"खिडक्या उघड. मी संत्र्याच्या साली उकळायला ठेवते."

ग्लेनिसने स्टीलच्या पातेल्यात पाणी, संत्र्याच्या साली आणि दालचिनीचा एक तुकडा घालून मंद आचेवर ठेवलं. वाट्यांत खायचा सोडा भरून कोपऱ्याकोपऱ्यात मांडला. परसातली सुवासिक रोझमेरी तोडून फुलदाणीत खोचली. तासाभराने घराला खरंच छान वास येऊ लागला. संत्र्याचा, दालचिनीचा, आणि त्यांच्या आडून हळूच डोकावणाऱ्या तारलीचा.

"अजून येतोय का रे वास?"

"थोडासा."

"शी! थोडासा म्हणजे किती?"

सकाळभर हेच चाललं होतं. डेस हुंगायचा, ग्लेनिस ओरडायची, आणि कर्नल मान तिरकी करून मन लावून ऐकायचा.

बाराला टॅम्सिनचा फोन आला. "आई, आम्ही केक घ्यायला थांबलोय, रांग मोठी आहे. आन्टेची आई तिच्या गाडीने पुढे निघालीय. आम्ही येईपर्यंत सांभाळ हं. आणि कर्नलला गप्प ठेव!"

फोन ठेवते तोवर बेल वाजली. दारात निळ्या रेशमी ब्लाऊजमधली, केस नीट बसवलेली ल्युबित्सा उभी होती. तिच्याआधी घरात शिरलं ते तिचं अत्तर. साधंसुधं नव्हे, डोळ्यांतून पाणी काढणारं अत्तर.

"या ना, या," ग्लेनिस खोकला गिळत म्हणाली. "घर शोधायला त्रास नाही ना झाला?"

"छे हो! किती छान वास येतोय. ॲपल स्ट्रूडेल केलंय वाटतं, दालचिनी घालून?"

"अं... नाही, साली आहेत त्या."

"साली?" ल्युबित्साला काही उलगडेना. तेवढ्यात तिला पिंजरा दिसला. "अगंबाई, केवढा देखणा आहे हा!" म्हणत ती पिंजऱ्यावर वाकली.

कर्नल शिंकला. एकदा, दोनदा. मग पिसं फुलवून ग्लेनिसच्याच आवाजात खणखणीत बोलला, "शी, काय घाण वास मारतोय!"

डेसने छताकडे पाहिलं. कर्नलने तिसरी शिंक दिली आणि ग्लेनिसला एकदम त्याच्या फुप्फुसांची आठवण झाली. पाहुणीच्या नाकासमोरून पिंजरा उचलून ती तडक परसात पळाली.

पिंजरा लिंबाच्या झाडाखाली ठेवून वळते तो मागे ल्युबित्सा उभी. चेहरा लाल, डोळे भरलेले.

"ग्लेनिसबाई, मला खरं सांगा. माझ्या अंगाला मासळीचा वास येतो ना?"

"काय?"

"पोरवयात डबाबंद ट्यूनाच्या कारखान्यात होते मी, पुढे जन्म गेला बोटींच्या घरात. कुठेही गेले की वाटतं, लोकांना वास येतोय. म्हणून आज निम्मी बाटली ओतून घेतली. आणि तुमच्या दारात पाऊल टाकलं तर मलाच आला हो वास, तारल्यांचा!"

ग्लेनिस मटकन गवतावर बसली आणि पोट धरून हसत सुटली. "अहो, तो तुमचा नाही! आमच्या घराचा आहे! डेसने फ्रीझर बंद ठेवला! सकाळपासून मी साली काय उकळतेय, सोडा काय मांडतेय..."

"तुमचा?" ल्युबित्साच्या तोंडाचा आ झाला. "मग त्या पक्ष्याला काय झालं?"

"त्याला तुमचं अत्तर सोसेना हो. तोंडावर कसं सांगू?"

"अगं मग सांगायचं ना! हात-मान धुऊन येते. अंगात घालायला काही दे तुझं."

न्हाणीघरातून ती निघाली तेव्हा तिच्या अंगात डेसची फुटबॉलची जुनी जर्सी होती. ती परसात आली तशी कर्नलने तिला आपादमस्तक न्याहाळलं, पण शिंकला नाही. तिने बाह्या सारल्या. "चल, दाखव कुठेय तो फ्रीझर. दाराच्या रबरात पाणी मुरलं असणार. खायचा सोडा आण आणि जुना दात घासायचा ब्रश."

"अगं, पाहुणी ना तू?"

"पाहुणी कसली! तुझी विहीण आहे मी."

अर्ध्या तासाने टॅम्सिन आणि आन्टे केकचा खोका सांभाळत आत आले. दोघी आयांची गाठ नीट पडावी, कुणाचं मन दुखू नये, म्हणून गाडीत दोघांनी काय बोलायचं याची तालीमच केली होती. बैठकीत कुणी नव्हतं. परसात डेस पिंजऱ्याशेजारी आरामात पेंगत होता. धुण्याच्या खोलीतून मात्र खिदळणं ऐकू येत होतं. दारातून पाहतात तर दोघी आया गुडघ्यांवर बसून, फ्रीझरमध्ये डोकी घालून काहीतरी घासत होत्या.

आन्टेने घसा खाकरला. "आई, या ग्लेनिसकाकू. म्हणजे, मला तुमची दोघींची ओळख..."

"माहीत आहे रे," आतूनच ल्युबित्सा म्हणाली. "जरा बाजूला हो, उजेड अडतोय."