पास्कल तुस्कानोंच्या फौजेतला फितूर

"जगातली एकूण एक लढाई फितुरीनं हरली जाते. शौर्य वगैरे नंतर लोक कथेत घालतात."

पास्कल तुस्कानो यांनी हा सिद्धान्त उमेळ्यातल्या आपल्या घरी, जेवणाच्या टेबलाशी बसून जाहीर केला. त्याच टेबलावर त्यांची बायको क्लारा मटार सोलत होती.

"शेंगा टेकडीवर पडतायत," पास्कल म्हणाले.

"टेकडी नाही, माझा टॉवेल आहे तो," क्लारा म्हणाली. "नदीसुद्धा आपल्या सुझानच्या वेणीची रिबीन आहे."

वीज कंपनीत एकतीस वर्षं मीटर तपासून पास्कल निवृत्त झाले होते. नीट चालणारा मीटर दिसला की 'हा नीट चालतोच कसा?' असं त्यांच्या मनात येई. निवृत्तीनंतर संशय घ्यायला मीटर उरले नाहीत. तेव्हा त्यांचा शाळकरी मित्र क्लिफर्ड लोपीस यानं आपल्या मुलानं दुबईहून पाठवलेला एक खोका त्यांच्यापुढे ठेवला. त्यात धातूचे रणगाडे होते, काडेपेटीएवढे, प्रत्येकी अकरा तुकड्यांत. तुकडे कानशीनं घासायचे, साबणानं धुवायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि मग टेबलावर फासे टाकून, टेपनं अंतर मोजून लढायचं. सहा महिन्यांत घरातली नखं घासायची कानस, दोन टूथब्रश आणि क्लाराची सहनशक्ती फौजेत भरती झाली.

"उमेळ्यात पावसाळाभर चिखल फुकट मिळतो," ती शेजारणीला सांगे, "आणि आमच्याकडं चिखलाच्या रंगाची बाटली कुरियरनं येते."

दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की लढाई. टेबलाच्या मधोमध पुठ्ठा उभा करून दोघं आपापली फौज मांडत. पुठ्ठा काढला की युद्ध सुरू. कोण कुठून निघणार हे तोवर गुप्त. पण गेले चार रविवार पुठ्ठा काढला की क्लिफर्डच्या तोफा बरोबर पास्कल येणार त्याच वाटेवर रोखलेल्या असत. 'गरुडझेप' मोहीम बुडाली, 'पहाटवारा' बुडाली, 'सापळा' बुडाली. 'महासापळा' तर तेरा मिनिटांत.

त्यात पैज लागलेली. पाचवा रविवारही हरले तर पास्कलनी आपला सर्वांत मोठा रणगाडा क्लिफर्डला देऊन टाकायचा. तीन आठवडे खपून जोडलेला होता तो. त्याची नळी दोनदा वाकडी चिकटली, दोनदा सोडवली. साखळीपट्ट्याचा एकेक दुवा त्यांनी तीन केसांच्या ब्रशनं रंगवला होता. क्लिफर्ड रोज सकाळी फोन करून विचारी, "काय रे पास्क्या, आमची गाडी धुऊनपुसून ठेवलीस ना?"

घरात फितूर होता, यात शंका नव्हती. पास्कलनी जाळं टाकलं. क्लाराला सहज बोलल्यासारखं सांगितलं, "या रविवारी सगळी फौज पुलावरून." मुलगी सुझान ऑफिसातून आली तेव्हा तिच्या कानात, "जंगलातून. आईला बोलू नकोस." मेव्हणा सॅन्टन केळी द्यायला आला, त्याला, "टेकडीमागून." क्लिफर्ड ज्या वाटेवर तोफा लावेल, ती वाट सांगितलेला माणूस फितूर. खरा बेत, 'अंतिम प्रहार', त्यांनी कुणालाही सांगितला नाही: खिडकीकडच्या कडेनं सरळ आत शिरायचं.

पण नाताळ जवळ आला होता, आणि घरच्या तीन माणसांशी खोटं बोलल्याचं ओझं होतं. शनिवारी संध्याकाळी ते चर्चमध्ये कन्फेशनच्या, पापनिवेदनाच्या रांगेत उभे राहिले.

"फादर, मी तिघांशी खोटं बोललो."

"कशाबद्दल?" जाळीपलीकडून फादरांनी विचारलं.

हा प्रश्न विचारून फादरांनी चूक केली. पास्कलनी आधी तिन्ही खोट्या वाटा सांगितल्या, मग तुलनेसाठी खरी सांगितली, कोणता रणगाडा पुढे आणि कोणता मागे हेही सांगितलं. अठरा मिनिटांनी फादर क्षीण आवाजात म्हणाले, "तीन वेळा नमो मरिया म्हणा."

रविवारी पुठ्ठा निघाला. पूल मोकळा. जंगल मोकळं. टेकडीमागं चिटपाखरू नाही. क्लिफर्डच्या सगळ्या तोफा खिडकीकडच्या कडेवर रोखलेल्या.

युद्ध नऊ मिनिटांत संपलं. क्लिफर्डनं मोठा रणगाडा उचलून शर्टाच्या खिशात घातला. पास्कलना त्याचंही भान नव्हतं. क्लारा नाही. सुझान नाही. सॅन्टन नाही. खरी वाट ठाऊक असलेला दुसरा माणूस पृथ्वीवर एकच होता.

"चपला कुठायत माझ्या?" ते उठले.

"अहो, जेवण?"

"कन्फेशनची गोष्ट बाहेर गेलीय, क्लारा! दोन हजार वर्षांत झालं नव्हतं ते उमेळ्यात झालं!"

ते लंगडत रिक्षात बसले. काहीच न कळून क्लिफर्डही शेजारी बसला.

फादर चर्चच्या अंगणात नाताळचा गोठा उभारत होते. उकिडवे बसून पेंढा पसरत होते.

"फादर," पास्कल धापा टाकत म्हणाले, "तुम्ही याला सांगितलंत."

"काय सांगितलं?"

"खिडकीकडची वाट! बिशपांना लिहावं लागेल मला. थेट रोमला लिहावं लागेल."

फादरांचा हात पेंढ्यातच थांबला. आयुष्यात त्यांच्यावर असा आरोप कुणी केला नव्हता. "मी? कन्फेशनमधलं?" एवढंच त्यांच्या तोंडून फुटलं.

क्लिफर्डनं आधी फादरांकडे पाहिलं, मग पास्कलकडे.

"अरे येड्या, फादर कशाला सांगायला पाहिजे? तू दर रविवारी खिडकीकडूनच येतोस!"

"खोटं! गरुडझेप वेगळी होती. महासापळा तर—"

"नावं वेगळी रे. वाट तीच. तुझी खुर्ची खिडकीपाशी. गुडघा दुखतो म्हणून तू उठत नाहीस, आणि पलीकडं हात पोचत नाही. पोचतो तिथवरच तुझी फौज जाते. पहिल्याच रविवारी समजलं मला."

एकतीस वर्षांत पास्कलनी हजारो घरं तपासली होती. स्वतःचा गुडघा राहून गेला होता.

"मला आधी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर ही गाडी मिळाली असती का?" क्लिफर्डनं खिशातून रणगाडा काढून ऐटीत दाखवला.

फादर उठले, कपड्यांवरचा पेंढा झटकला आणि रणगाडा हातात घेतला. आता आपलं काय होणार, म्हणून पास्कलनी मान खाली घातली. बायको, मुलगी, मेव्हणा आणि धर्मगुरू, इतक्यांवर संशय घेतल्याला नमो मरिया किती, याचा ते मनात अंदाज बांधू लागले. फादरांनी रणगाडा उन्हात धरला, उलटा केला, नळी हळूच हलवून पाहिली. हलली नाही.

"हे तुम्ही स्वतः चिकटवलंत?"

"हो, फादर," पास्कल पुटपुटले.

फादरांनी गोठ्यामागच्या खोक्यात हात घालून एक उंट बाहेर काढला. त्याला तीनच पाय होते. चौथा त्यांच्या दुसऱ्या हातात होता.

"मग एवढा याचा पाय जोडून द्या ना. संध्याकाळपर्यंत जमेल? उद्या बालवाडीची मुलं बघायला येतायत."