उभ्यानं दिलेला होकार

माझे सासरे धोंडिबामामा उभ्या उभ्या कधीच काही ठरवत नसत. गुंजवण्यात त्यांची भातशेती होती आणि विचार करायच्या त्यांच्या ठरलेल्या तऱ्हा होत्या. मांडी घालून बसले की नफा-तोटा. उकिडवे बसले की खोट काढायची. चालायला लागले की नवी युक्ती. आणि आडवे पडले की मनाला काय वाटतं ते.

"समदं एकदम घोळलं की आमटीत दूध पडल्यावानी व्हतं," म्हणायचे.

एकदा भोरच्या बाजारात बैल बघताना ते बैलाशेजारी धुळीतच आडवे झाले. घेरी आली समजून कुणीतरी तोंडावर पाणी मारलं. मामा मिशा पुसत उठले. "बैल ब्येस हाय. पन मला नको हाय, ह्ये आत्ता कळलं."

भावकी हसायची, पण अडलं की त्यांनाच बोलवायची. ओढा दरसाल शेताचा बांध फोडायचा. सगळे म्हणाले, बांध जाड करू. मामा काठाकाठानं वर चालत गेले आणि दगड टाकून पाणी वरच वळवायची युक्ती घेऊन आले. लोक खूश झाले, तोवर मामा उकिडवे बसलेले. "आन् मग पानी शेजारच्या गणपाच्या खाचरात शिरंल की!" पुन्हा उठून चालायला लागले. शेवटी पाण्याला दोन वाटा काढल्या, तेव्हा कुठं साऱ्यांचं भात वाचलं.

आबांबरोबर, म्हणजे माझ्या वडिलांबरोबर, मी शिवऱ्याहून मुलगी बघायला गेलो, तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मुलगी गोदा. ती रांगती असतानाच तिची आई गेलेली; घरात बापलेक दोघंच.

मामांनी मांडी घालून आमच्या जमिनीची, विहिरीची चौकशी केली. मग उकिडवे बसून मला विचारलं, "राग आला की काय करता तुमी?"

"गप्प बसतो."

"किती येळ?"

आबांनी माझ्याकडं पाहिलं. "जेवायची वेळ होईपर्यंत," मी म्हणालो.

मामा अंगणात फेऱ्या मारून आले. "लावणीला आन् दिवाळीला पोर हिकडं धाडायची."

आबांनी मान डोलावली. मामा तसेच उभे राहिले. कोपऱ्यात घोंगडी अंथरलेली होती, तिच्याकडं त्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "दिली."

आत गोदाच्या हातातलं भांडं खाली पडलं.

लग्नानंतर आमची बैलगाडी नदीच्या उतारापर्यंत आली, तरी मामा खांद्याला गाठोडं अडकवून मागून चालतच होते. मी खाली उतरलो. "मामा, आता फिरा माघारी."

"व्हय," म्हणाले, पण हलेनात. "त्या दिशी आडवा पडलो असतो, तर न्हाईच म्हनलो असतो. म्हून पडलो न्हाई."

मी वाकून त्यांच्या पाया पडलो.

"एक सांगायचं ऱ्हायलं. तिला भाकरी येत न्हाई. म्याच करत आलो. शिकिवली असती, तर लौकर मोठी झाली असती." त्यांनी गाठोडं माझ्या हातात दिलं. "तुमच्या आईस्नी म्हनावं, दमानं शिकवा. तवर ह्या पुरतील."

गाठोड्यात भाकरी होत्या. साऱ्या घराला दोन-चार दिवस पुरतील इतक्या.