फ्रिजमधलं सोनं

श्रीपादअण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी दिव्याकडे बघत, मग यजमानाकडे. “केवढा उजेड आतच अडकलाय री,” असं ते धारवाडी ढंगात आमच्या बैठकीतल्या बल्बबद्दल हळहळले, तेव्हा मी त्यांना चहाचं विचारत होतो. चहा त्यांनी उभ्यानंच घेतला, पेनानं ढवळून.

अण्णा धारवाडच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत आणि सप्तापुरात आमच्या शेजारी, थोरल्या बहिणीच्या घरी माडीवर राहत. लग्न केलं नाही. त्यात बराच वेळ पाटावर बसावं लागतं, असं कारण सांगत. मोबाइल नुकतेच दिसू लागले होते, त्या काळात त्यांना ध्यास होता सेंद्रिय एलईडीचा. केसाहूनही पातळ थरांचा दिवा.

“पण निम्म्याहून जास्त उजेड आतच फिरत राहतो. त्याला बाहेरची वाटच सापडत नाही,” अण्णा सांगत आणि स्वतःही खोलीभर फिरत. तोडगा सोन्याचा. थरांमध्ये सोन्याचे अतिसूक्ष्म कण पेरायचे, ते उजेडाला बाहेर काढतात. “फार जवळ पेरलेत तर तेच त्याला गिळतात. नातेवाईकच की.”

इतकं बारीक झालं की सोनं पिवळं राहत नाही, पाण्यात लालभडक दिसतं. कित्येक खेपा फसल्यावर एक बाटली मनासारखी जमली; दिवा तिच्यातूनच बनायचा होता. सोमवारी बेंगळुरूहून दोन तज्ज्ञ दिवा बघायला येणार होते. पसंत पडला तर अण्णांना तिथल्या मोठ्या प्रयोगशाळेत जागा. कॉलेजातला फ्रिज बंद, म्हणून बाटली बहिणीच्या, म्हणजे अक्कांच्या फ्रिजमध्ये, ताकाशेजारी. वर चिठ्ठी, सोन्याची शास्त्रीय खूण: इंग्रजी ए आणि यू.

शनिवारी अक्कांची मुलगी विद्यानगरच्या दवाखान्यातून बाळ घेऊन आली. अक्का दारात ताट ओवाळत होत्या. ताटात लाल पाणी, एरवी हळद-चुना कालवून करतात तसं.

“रंग झकास आलाय, अक्का,” मी म्हणालो.

“मी कुठं केलंय? श्रीपादानं आधीच करून ठेवलेलं. वर ‘औ’ लिहून. औक्षणाचं. मामाची हौस बघा की.”

अण्णा जिन्यात उभे होते. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी मान हलवून मला गप्प केलं. अक्कांनी पाण्याचं बोट बाळाच्या कपाळाला लावलं आणि उरलेलं रीतीप्रमाणे अंगणात ओतलं.

“त्यासाठीच होतं ना रे?” त्यांनी वर बघून विचारलं.

“हौदु, होय अक्का. त्यासाठीच.”

संध्याकाळी त्यांनी आमच्या फोनवरून बेंगळुरूला कळवलं, येऊ नका. पलीकडून कारण विचारलं असावं.

“घरी लागलं, सर,” अण्णा म्हणाले. “सगळंच.”

रिसिव्हर ठेवून ते क्षणभर तिथंच घुटमळले. “कपाळावर थोडं राहिलं असेल का हो अजून?” असं मला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता बाळाला बघायला निघून गेले.