रशिया आला नाही

आमच्या शेजारच्या राठोड सरांचं रशियाशी भांडण आहे. भांडण तेलावरून नाही, युद्धावरूनही नाही. एकोणीसशे एकोणपन्नास साली कैरोला युरोपची बास्केटबॉल चँपियनशिप झाली आणि रशिया तिथं खेळायला गेला नाही, एवढ्यावरून आहे. तेव्हा सरांचा जन्मही झालेला नव्हता. पण राग असा, की जणू रशियानं यांच्याच घरचं जेवण टाळलं असावं.

मी उमरखेडात पिठाची चक्की चालवते. माझी चक्की आणि सरांचं घर यांच्या मधे एकच भिंत आहे आणि त्या भिंतीवर सरांनी बास्केटबॉलची रिंग ठोकलीय. भिंत अर्धी माझी. मला विचारलं नाही की सवरलं नाही. सर शाळेत पीटीचे मास्तर होते, रिटायर झाले आणि शाळेतली सगळी आदळआपट घरी घेऊन आले. दिवसभर तो चेंडू धाड धाड भिंतीवर आपटतो. एकदा तर उडून थेट माझ्याकडच्या ज्वारीच्या डब्यात पडला. मी म्हटलं, आता देत नाही जा. तर हा गृहस्थ शिटी फुंकत दारात हजर.

"फाउल, ताई!"

"माझ्या दुकानात तुमचा चेंडू, आणि फाउल माझा?"

"चेंडू धरून ठेवणं हा फाउलच असते. मी तुमाले नियम सांगून राह्यलो."

ती शिटी त्यांच्या गळ्यात कायम. भाजी आणायला जातानाही आणि मयतीलाही. रांगेत कोणी पुढे घुसलं की वाजवतात. माझं पीठ जाड आलं की वाजवतात. मी एकदा म्हटलं, सर, एक दिवस ती शिटी मी चक्कीत घालून दळीन. त्यावरही वाजवली.

आणि कैरो! चक्कीत दळण घेऊन आलेला माणूस कुठं जाणार? दळण होईपर्यंत तो आपला अडकलेला. सर त्याला बरोबर गाठतात. चक्कीच्या आवाजात ऐकू जात नाही म्हणून ओरडून सांगतात, त्यामुळे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही कैरो पाठ आहे.

"मले सांगा, सत्तेचाळीसले कोण जिंकलं? रशिया! मंग पुढची स्पर्धा कोणाच्या घरी व्हाले पायजे? रशियाच्या. नाही म्हणाला! दुसऱ्या नंबरचा चेकोस्लोव्हाकिया. तोही नाही म्हणाला! तिसरा कोण? इजिप्त. इजिप्त म्हणाला, या बाप्पा आमच्या घरी. मंडप टाकला, सैपाक केला..."

"सैपाक?" मी ओरडते.

"बोलाची रीत आहे नं ताई! तं एवढं सारं केलं, अन् हे मोठे लोक आलेच नाही. ग्रीस, नेदरलँड धरून सात टीम जमल्या. इजिप्तनं साऱ्यायले हरवलं. युरोपचा चँपियन कोण? इजिप्त! अन् लोक काय म्हणते? मोठे नव्हते म्हणून जिंकला. अबे, मोठे आले नाही हा काय इजिप्तचा गुन्हा आहे?"

एकदा एका गिऱ्हाइकानं भीत भीत विचारलं, "पण सर, इजिप्त युरोपात कुठं आहे?"

"तुमचं दळण झालं. उचला अन् चालते व्हा," सर म्हणाले. दळण झालं नव्हतं. तो बिचारा अर्धं घेऊन गेला आणि नंतर माझ्याशी भांडायला आला.

या सगळ्याचं सार सर तीन शब्दांत सांगतात: "आला तो खेळला." जो आला नाही त्याचं नाव घ्यायचं नाही आणि त्याची वाट पाहायची नाही. खेळात उशिरा येणाऱ्या टीमसाठी पंधरा मिनिटं थांबतात, मग समोरच्याला वॉकओव्हर. सरांनी हा नियम अख्ख्या गावाला लावलाय. माझ्या भाचीला बघायला यवतमाळहून पाहुणे यायचे होते. एसटी वाटेत बंद पडली, त्यांना उशीर झाला. घामाघूम होऊन बिचारे फाटकाशी पोचले, तर सर फाटकात उभे. शिटी वाजवली आणि म्हणाले, "वॉकओव्हर! जा आता." आणि ते गेले हो खरोखर! मी आत कांदेपोह्यांवर कोथिंबीर घालत होते. महिनाभर मी या माणसाशी बोलले नाही. भाची मात्र खूश होती, तिला तो मुलगा नकोच होता. पण म्हणून माझा राग काही गेला नाही.

एकाच माणसाबद्दल सरांचा आवाज खाली यायचा. थोरला भाऊ, रामधन. सर त्याला भिया म्हणतात, त्यांच्या गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत, भावाला तसंच म्हणतात. पुसद रस्त्यावरच्या तांड्यात तो राहतो, शेती करतो. सर लहान असताना शाळेत कोणीतरी यांना सांगितलं, टोपलीत चेंडू टाकायचा खेळ असतो. यांनी घरी येऊन भोकाड पसरलं. तर या भियानं आईची कापूस वेचायची टोपली घेतली, तिचं बूड विळ्यानं कापलं आणि ती लिंबाला बांधून दिली. "याडीनं मंग त्याले बदड बदड बदडलं," सर हसत सांगायचे; याडी म्हणजे आई. "पण टोपली नाही काढू देल्ली त्यानं."

किरणचं लग्न ठरलं आणि भियाचं नाव बंद झालं.

किरण सरांची एकुलती एक पोर. मुलगा राळेगावचा, कापूस-तुरीवाल्या घरचा, चांगला शिकलेला, पण समाजाबाहेरचा. दोघांचं आधीच ठरलेलं होतं. सरांनी एका शब्दानं विरोध केला नाही, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते, कारण बाकी सांगण्यासारखं फार नाही. पण नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली. हा येणार नाही, तो येणार नाही. सर प्रत्येक नावाला शिटी वाजवून म्हणायचे, "चेकोस्लोव्हाकिया! नोको येऊ." 

आमच्याकडे लग्नाची पत्रिका हातात कोंबून भागत नाही. घरी यावं लागतं, कुंकू लावावं लागतं, हातावर अक्षता ठेवाव्या लागतात आणि तोंडानं म्हणावं लागतं, या बरं. मी तर आठ दिवस त्यांच्याच घरच्या लग्नाची डाळ निवडत बसले होते, तरी सर आणि वहिनी रीतसर दोघं आले, मला कुंकू लावलं, अक्षता दिल्या. डाळीचे हात पुसून मी त्या घेतल्या. तेव्हाच वहिनी हळूच म्हणाल्या, "अन् तांड्यावर कवा जायचं?"

"रशियाचं नाव काढू नोको," सर म्हणाले आणि निघून गेले.

झालं. मी समजायचं ते समजले. गल्लीही समजली. भिया नाही म्हणाला! ज्यानं टोपली कापली तोच! असा संताप आला मला. त्या म्हाताऱ्याला मी जन्मात पाहिलं नव्हतं, पण महिनाभर चक्कीच्या पट्ट्यापाशी उभी राहून त्याला शिव्या घातल्या. गिऱ्हाइकंही चार घालून जायची.

लग्न दारातच होतं. मांडववाला म्हणाला, ही रिंग काढा, कापड अडकते. सरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं गुपचूप रिंगला आंब्याचं तोरण बांधलं. उन्हाळ्याचे दिवस, कूलर नुसता गरम हवा फेकत होता. राळेगावची मंडळी आली, त्यांच्यातलेही दोन काका आले नव्हते. सर खुशीत. "ग्रीस आलं, नेदरलँड आलं, लय झालं! आला तो खेळला!" फेटा बांधलेला, फेट्याखाली कपाळावर कुंकू, आणि कुंकवाखाली गळ्यात ती मेली शिटी.

मुहूर्त जवळ आला. गुरुजींनी अंतरपाट काढला. नवरा उभा राहिला. आणि सर गायब.

शोधलं तर गल्लीच्या तोंडाशी, भर उन्हात, रस्त्याकडे तोंड करून उभे. एसटी स्टँडकडून ऑटो आला की शिटी तोंडाशी न्यायची. ऑटो पुढं गेला की खाली सोडायची.

"सर, मुहूर्त टळून राह्यला," गुरुजी येऊन म्हणाले.

"पंधरा मिनिटं असतात."

"ती तं झाली नं."

"अजून पंधरा."

मी ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. माझ्या भाचीच्या पाहुण्यांना या माणसानं पंधराच्या वर एक मिनिट दिलं नव्हतं! इकडे पोरं भुकेनं रडतायत, आलू-वांग्याची भाजी आटतेय, राळेगावचे लोक एकमेकांकडे बघतायत. मी तरातरा आत गेले. वहिनी देवघरासमोर बसून डोळे पुसत होत्या.

"कोणाची वाट पाहून राह्यले हे? त्या म्हाताऱ्याची? जो नाही म्हणाला त्याची?"

"तो कुठं नाही म्हणाला ताई," वहिनी म्हणाल्या. "त्याले बोलावलंच नाही. मी लय सांगितलं. गेलेच नाही हे तांड्यावर."

"फोन?"

"फोन बी नाही."

  असा राग मला चेंडूचा नव्हता आला की वॉकओव्हरचा नव्हता आला. ताटातलं कुंकू घेतलं, अक्षतांची मूठ रुमालात बांधली आणि उन्हात त्या माणसापुढे जाऊन उभी राहिले.

"लाज वाटते का? सख्ख्या भावाच्या दारात अक्षत नाही टाकली, आणि वाट कसली बघता? महिनाभर आम्ही त्या माणसाला शिव्या देतोय, आणि तुम्ही गप्प ऐकताय! रशिया आला नाही म्हणे! बोलावलं होतं का रशियाला?"

मला वाटलं, शिटी वाजवतील. वाजवली नाही. फेट्याचा शेमला बोटाला गुंडाळू लागले.

"अन् तो नाही म्हणाला असता तं?" सर म्हणाले. "दुसरे म्हणाले, मी सोसलं. त्याच्या तोंडून नाही ऐकावं लागलं असतं तं मी काय केलं असतं, ताई?"

एवढा मोठा माणूस, आणि आवाज टोपलीसाठी भोकाड पसरणाऱ्या पोराचा. मला रडूही येत होतं आणि दोन ठेवून द्याव्यात असंही वाटत होतं. मी कुंकवा-अक्षतांचा रुमाल आणि स्कुटीची किल्ली त्यांच्या हातावर आपटली.

"जा! नाही म्हणाला तर नाही ऐकून या. पण जा."

सर गेले. फेट्यासकट, शिटीसकट, माझ्या पीठ सांडलेल्या स्कुटीवरून. मी मांडवात आले आणि जाहीर केलं, आधी जेवणं, लग्न मग. राळेगावचे एक मामा म्हणाले, असं कुठं असते का? मी म्हटलं, आमच्याकडं असतं, बसा पंगतीला. गुरुजींना म्हटलं, गोरज मुहूर्त तुमच्या पंचांगात आहे की नाही? आहे ना, मग काढा. किरण नवऱ्यामुलीच्या शालूत माझ्याकडे बघून हसत होती आणि डोळे वाहत होते. मी तिला जिलबी भरवली आणि गप्प बसायला सांगितलं.

शेवटची पंगत उठायच्या बेतात असताना लांबून शिटी ऐकू आली. थांबतच नव्हती. पुसद रस्त्यापासून गल्लीपर्यंत वाजतच आली. स्कुटीवर पुढे सर, मागे एक उंच, वाळका म्हातारा. पांढरंशुभ्र धोतर, कडक इस्त्रीचा सदरा, लाल फेटा. कपाळावर ताजं कुंकू. चेहरा असा संतापलेला, की मी दोन पावलं मागे सरकले. हा राग या घराण्यातच आहे, हे मला तेव्हा कळलं.

"सकाळपासून तयार होऊन बसलो ओट्यावर," म्हातारा साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला. "सून म्हणे, बोलावलं नाही तं फेटा कायले बांधता? म्हटलं, भाऊ येईन. तो येईन बोलावाले. डोक्यावर ऊन आलं तरी याचा पत्ता नाही! अन् आला तो कसा, तं शिटी वाजवत! तांड्यातले कुत्रे मागं लागले आमच्या!"

मग त्यानं मान वर करून तोरण बांधलेल्या रिंगकडे पाहिलं. 

"आपली टोपली याच्याहून मोठी होती," तो म्हणाला. सर तोंड फिरवून फेटा नीट करायला लागले.

लग्न गोरजावर लागलं. किरणला मांडवात भियानंच आणलं.

सर अजूनही तसेच आहेत. कालच चेंडू माझ्या गव्हात पडला, आणि आम्ही कडाकडा भांडलो. दळण घेऊन आलेल्याला अजूनही कैरो ऐकावंच लागतं. सत्तेचाळीस, रशिया, चेकोस्लोव्हाकिया, सात टीम, सगळं तेच. फक्त परवा शेवटाला ते जरा थांबले. चक्की चालू होती, तरी आवाज खाली आला. मी पट्टा बंद केला म्हणून मला ऐकू आलं.

"इजिप्तचं बी चुकलंच," सर त्या गिऱ्हाइकाला सांगत होते. "त्यायनं चिठ्ठी धाडली असन. चिठ्ठीनं कोणी येते का? एकानं उठून रशियाच्या दारात जाले पायजे होतं, कुंकू लावाले पायजे होतं. कोण जाणे, तो बी बसला असन तिकडं, तयार होऊन."