किनारा हिरवा करणाऱ्या सासूबाई

अर्ज भरणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. समुद्राकाठच्या जमीनमालकांना किनारा पुन्हा हिरवा करायला सरकार मदत देतं असं कळलं आणि मी सतरा पानी अर्ज एकटीनं भरून टाकला. आमच्या काठाची झाडं गेली, गवत गेलं, आणि आता मागच्या भिंतीपासून पाण्यापर्यंत जेमतेम वीस पावलं उरलीत. अर्जात त्याचं असं वर्णन केलं, की वाचणाऱ्यानं डोळ्यांना पदर लावावा.

"उद्या साहेब पाहणीला येणार," असं घरात सांगितलं, तिथंच चुकले.

सकाळी मागचं दार उघडलं, तर वाळूत बाग! सासूबाईंनी शेजारच्या चार घरांतून चाळीस प्लॅस्टिकच्या कुंड्या आणून गळ्यापर्यंत पुरल्या होत्या. त्या कुणी वाहिल्या, ते नवऱ्यानं बांधलेला कंबरदुखीचा पट्टा बघून कळलं.

"आई, हे काय?"

"पाहुण्याला ओसाड दाखवायचं? लोक काय म्हणतील?"

"अहो, ओसाड आहे म्हणून तर मदत मिळणार."

"म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यापुढं रडायचं. तू रड. मी चहा टाकते."

एक कुंडी उपटते न उपटते तोच साहेब हजर. वाळूत टाकलेल्या खुर्चीत बसून त्यांनी आधी गुलाबांकडं पाहिलं, मग अर्जाकडं.

"बाई, इथं तर सगळं हिरवंगार आहे. मदत गरजूंसाठी असते."

"साहेब, त्या कुंड्या आहेत."

"काहीतरीच तुझं," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या हातालाच गुण आहे."

नवरा आभाळाकडं बघत होता. साहेबांनी नकार लिहायला पेन उघडलं, आणि भरतीची पहिली मोठी लाट आली. गुलाब चालायला लागले. पाठोपाठ काठाचा एक लचका तुटला आणि साहेब खुर्चीसकट गुडघाभर खाली गेले.

सासूबाई पाण्यात उतरल्याच होत्या. "बसलाय काय असे? तो निवडुंग धरा, शेजारणीचा आहे!"

साहेबांनी धरला. बिचाऱ्यांच्या तळहातातले काटे मी चिमट्यानं काढले.

महिन्यानं मंजुरीचं पत्र आलं. शेरा होता: 'जमीन खचते आहे. मी स्वतः खचलो.' खाली अट: 'लागवड आजींच्या देखरेखीखाली व्हावी. एका रात्रीत चाळीस झाडं लावणारं माणूस आमच्याकडे नाही.'

सध्या मी ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात वाकून खारफुटीची रोपं लावते. सासूबाई काठावर खुर्चीत.

"अगं, जरा रांगेत लाव," काल म्हणाल्या. "साहेब बघायला येणार आहेत."

किनाऱ्यावर झाडं रांगेत उगवत नाहीत, हे मी अर्जाच्या नवव्या पानावर स्वतः लिहिलंय. तरी रोपं उपटली आणि रांग सरळ केली.