वाजणारी रायफलगाडी

करुणाचा डावा पाय लहानपणापासून अधू. पण नेमबाजीत तिचा हात धरेल असं अख्ख्या छत्रपती संभाजीनगरात कुणी नव्हतं. अडचण एकच. दोन्ही हातांत कुबड्या, मग रायफलची जड पेटी धरायची कशानं? त्यासाठी नवरा लागायचा. आणि नवरा, म्हणजे आपले काकासाहेब, वाटेत दिसेल त्याच्याशी गप्पा मारत उभे!

"निवड चाचणीला मी एकटी जाणार," करुणानं सांगून टाकलं. "उशीर झाला तर नाव बाद."

काकासाहेबांनी हे मनावर घेतलं. (इथंच सगळं बिघडलं.) भंगारवाल्या निजामुद्दीनभाईंच्या दुकानात त्यांनी मोटरची गाडी जुळवली. पुढं खुर्ची, मागं पेटीसाठी पत्र्याचा हौदा. मोटर कुठल्याशा मोडीत निघालेल्या गाडीची; ती फिरली की तिला जोडलेला भोंगा गायचा.

"बाजा निकाले तो मोटर बी बंद पडती, साब."

"राहू द्या की! किती प्रसन्न धून आहे."

चाचणीच्या सकाळी करुणा खुर्चीत बसली, काकासाहेबांनी पेटी हौद्यात ठेवली, तिनं बटण दाबलं. धून वाजली आणि ती दचकली.

"अहो, हे काय बसवलंत?"

"मंगल संगीत!"

तेवढ्यात पटापट दारं उघडली. शेजारच्या चंपाबाई धावत आल्या, मागून निम्मी गल्ली. बायकोला शुभेच्छा द्यायला एवढी माणसं! काकासाहेब हात जोडून सगळ्यांचे आभार मानू लागले. चंपाबाईंनी हातातलं भांडं थेट रायफलच्या पेटीवर उपडं केलं. मेथीच्या काड्या, कांद्याची सालं, चहाचा चोथा.

"अहो, हे काय?" काकासाहेब ओरडले.

"ओला कचरा. सुका आणते. गाडी नवी आली व्हय?"

"ही घंटागाडी नाही!"

"मग तिचं गाणं कशाला लावलं?"

हे गाणं रोज सकाळी आपल्याच दारात वाजतं, हे काकासाहेबांना लग्नाला बारा वर्षं होऊनही ठाऊक नव्हतं. कचरा करुणा टाकायची. (त्या वेळी साहेब घोरत असत.)

करुणानं नेमबाजीचा जाड कोट काढला, भोंग्याच्या तोंडात कोंबला आणि गाडी हाणली. "तुम्ही कचऱ्याचं बघा!"

ती वेळेत पोचली. कोट अंगात चढवून, कांद्याच्या वासासकट नेम धरला आणि निवडली गेली. आता रोज ती भोंग्यात गोधडी कोंबून एकटीच सरावाला जाते.

आणि घंटागाडीची धून वाजली की गल्लीत सगळ्यांच्या आधी काकासाहेब पळतात, दोन बादल्या घेऊन. (एक चंपाबाईंची.)