मंगळवारचा आजार

आमचे शेजारी बाळारामदादा फक्त मंगळवारी आजारी पडायचे. बुधवारी शेलार गावच्या नाक्यावर ठणठणीत तब्येतीने चहा पीत बसलेले दिसायचे. मंगळवारी मात्र कधी कंबर धरून, कधी कानात कापूस कोंबून हजर. कारण त्या दिवशी दवाखान्याची गाडी यायची. एका गोदामवाल्या कंपनीने सामाजिक जबाबदारी म्हणून ती गावासाठी सुरू केली होती.

"डाक्टरीणबाई, आज छातीत कळ येते."

"काका, मागच्या वेळी कंबरेत होती ना?"

"ती वर सरकली हाय."

डॉक्टरीणबाई हसून शक्तीची गोळी द्यायच्या. दादांचं तेवढ्यावर भागायचं नाही. नाक्यावरच्या धडधाकट माणसांनाही ते ओढत आणायचे. "खोक जरा. खोकायला काय जातंय तुझं?" मीही एकदा खोकलोय.

शेवटी मी विचारलंच, "दादा, कशासाठी हे?"

"गाडीतली नर्सबाई बोलली, पेशंट कमी झाले तर गाडी बंद होईल. मग जनामावशीला बीपीची गोळी कोण देईल?"

जनामावशी म्हणजे आमच्या आळीत एकटी राहणारी म्हातारी.

मग एकदा कंपनीचा साहेब पाहणीला आला. म्हणाला, "एवढी औषधं देऊनही इथे आजारी वाढतच चाललेत. म्हणजे उपयोग शून्य."

दादा घाबरले. "साहेब, आमी खोटं खोकलो! आजारी कोण न्हाय!"

"मग तर गाडीची गरजच नाही," साहेब म्हणाला.

गाडी दुसऱ्या तालुक्यात गेली. नाक्यावर पोरं अजून खोकून दाखवतात. दादा मान खाली घालून निघून जातात.

परवा भिवंडीच्या सरकारी दवाखान्यात दादा रांगेत उभे दिसले. मागे बाकड्यावर जनामावशी बसलेली.

"दर वेळी मावशीला तुम्हीच आणता?" मी विचारलं.

"गाडी मीच घालवली ना."

"असं नका बोलू, दादा."

दादांनी मावशीकडे वळून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तुझी वहिनी सारखी बोलायची, डोकं दुखतं. मी बोलायचो, नाटक करते. गेली तवा कळलं, बीपी होतं. तिला कधी इथवर आणलीच न्हाय मी."

तेवढ्यात आतून जनामावशीचं नाव पुकारलं आणि दादाच "हाय, हाय" करत तिला उठवायला धावले.